दोन चुली, दोन पाकिटं

मी फिजिओथेरपिस्ट आहे असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच पाठ पुढं करतो. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, एकदा तर चक्क मयताच्या घरी. "ताई, हितं जरा दाबून बघा की, चार म्हैनं झालं धरलंय." तीस वर्षांच्या वर कोल्हापुरात नोकरी केली आणि निम्म्या गावासाठी मी शेवटपर्यंत मालिशवाली बाईच राहिले. निवृत्तीच्या समारंभात आमच्या रुग्णालयाच्या एका विश्वस्तांनी "यांच्या हातात जादू आहे" असं म्हणून टाळ्या घेतल्या. कसली डोंबलाची जादू! आमचं निम्मं काम तोंडानं चालतं. उठा, बसा, चाला, श्वास सोडा, आणखी एकदा, आणखी एकदाच. रुग्ण मनातल्या मनात शिव्या घालत असतो आणि आपण हसत असतो.

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काहीतरी उमेद देणारं लिहा. रुग्ण बरे झाल्याचे किस्से." तसले किस्से माझ्याकडे ढीगभर आहेत आणि सांगून सांगून ते गुळगुळीत झालेत. जे आजवर नवऱ्यालासुद्धा धड सांगितलं नाही ते लिहिते. छापायचं तर छापा.

फुफ्फुसाचा एक जुनाट आजार असतो. लोक त्याला सरसकट दमा म्हणतात, पण तो दमा नव्हे. हा हळूहळू येतो आणि जात नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या जिल्ह्यात तो ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही त्यांनाही होतो. गुऱ्हाळावर चुलवाणासमोर वर्षानुवर्षं जाळ घालणाऱ्या गड्यांना होतो, आणि घरात चुलीपुढं बसणाऱ्या बायकांना होतो. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसला की मांड्यांची ताकद जाते. ताकद गेली की चार पावलांतच पहिल्यापेक्षा जास्त दम लागतो, म्हणून तो आणखी बसतो. शेवटी खाटेवरून मोरीपर्यंत जाणं हा त्याचा दिवसभराचा प्रवास होतो.

व्यायामानं फुफ्फुस दुरुस्त होत नाही, पण पाय होतात. मोरीपर्यंत जाणारी बाई अंगणात जाते, मग शेजारणीकडं जाते. हे साऱ्या जगाला आधीच माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी विसरले होते. आमच्या संशोधनाचा प्रश्न एवढाच होता की मोठ्या रुग्णालयांतली यंत्रं नसताना, खेड्यातल्या घरी, खुर्ची आणि वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या एवढ्यावर हे जमतं का. पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांचा प्रकल्प होता. कोल्हापूरची जबाबदारी माझ्यावर आली. सरांनी पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर मला "आमच्या सहसंशोधक" म्हटलं. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी घरी येताना राजारामपुरीत थांबून नवीन साडी घेतली. इतक्या वर्षांनी कुणाला तरी मी मालिशवाली वाटले नव्हते.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. ओठांचा चंबू करून, शीळ घालताना करतो तसा, श्वास सावकाश सोडायचा असतो. बायकांना ते शिकवताना माझी दमछाक झाली. "बाईमाणसानं शिट्टी मारायची? तुमी बी काय म्याडम!" पदर तोंडावर घेऊन सगळ्या हसत सुटायच्या आणि हसता हसता खोकायच्या. शेवटी म्हटलं, शिट्टी नको, गरम दुधावरची साय फुंकरीनं बाजूला करतो तसं करा. मग झकास जमलं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे चालण्याची परीक्षा. लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुणा ठेवायच्या आणि सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो ते मोजायचं. पळायचं नाही, थांबावंसं वाटलं तर थांबायचं. इतकं सोपं. गडहिंग्लजचे एक आप्पा होते, कापडदुकानवाले, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. त्यांना वाटलं ही शर्यतच आहे. आदल्या रुग्णाचा आकडा त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचला आणि असे सुटले की तिसऱ्या फेरीत भिंतीला धरून निळे पडले. मी घाबरून ओरडले, तर धापा टाकत म्हणतात, "पयला लंबर आला का?" आप्पांना पुढं वर्षभर मी तोच विषय काढून चिडवत होते.

आता पाकिटांचं सांगते. असल्या संशोधनात निम्म्या लोकांना व्यायाम शिकवतात आणि निम्म्यांना नुसतं माहितीपत्रक देतात, कारण तुलना करायला कुणीतरी लागतं. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरनं ठरवायचं नसतं, नाहीतर तो आपल्या मर्जीतल्या रुग्णाला चांगलं ते देईल. म्हणून बंद पाकिटं असतात. रुग्ण आला, कागदावर अंगठा-सही झाली, की पुढचं पाकीट फोडायचं. पत्रकवाल्यांना आम्ही शब्द दिला होता की संशोधन संपलं की तुम्हालाही सगळं शिकवू. आणखी एक नियम होता, एका घरातला एकच रुग्ण घ्यायचा. एकाच घरात एकाला शिकवलं आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा बघून करणारच.

भरतीच्या शेवटच्या आठवड्यात नेसरीच्या पुढच्या एका खेड्यातून दोन बायका एसटीनं आल्या. थोरली आक्काताई, उंच, काळीसावळी, आवाज असा की व्हरांड्यातलं कुत्रं उठून गेलं. धाकटी मालन, बारकी, दर तीन शब्दांनंतर थांबून श्वास घेणारी. दोघी जावा. मला संख्या पुरी करायची होती, सरांचे रोज दोन फोन येत होते. तरी मी विचारलं, "एकाच घरात राहता का?"

आक्काताई म्हणाली, "न्हाय वो. वायलं निघून धा वरसं झाली. चूल वायली, रेशनकार्ड वायलं."

चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. आपल्याकडं घर मोजायची हीच रीत आहे, आणि मीही याच मातीतली. मी कागदावर दोन घरं लिहिली. पुण्याच्या सरांनी विचारलं असतं तरी मी छातीठोकपणे तेच सांगितलं असतं. पुढं गावी गेले तेव्हा पाहिलं, एकाच घराच्या मधोमध विटांची भिंत घातलेली, तीही आढ्यापर्यंत नाही. या बाजूला फोडणी दिली की त्या बाजूला ठसका.

पाकिटं फोडली. आक्काताईला व्यायाम आणि मालनला पत्रक निघालं.

मी समजावून सांगितल्यावर आक्काताईनं मालनकडं बघितलं. मग म्हणाली, "म्याडम, बदली करून द्या की. हिला माझ्यापरास लई तरास हाय. माझं हिला द्या, मी कागूद घेतो." आमच्याकडच्या बायका 'मी घेतो, मी जातो' असंच बोलतात. मी म्हटलं, "तसं करता येत नाही आक्काताई. चिठ्ठीत निघालं ते निघालं." मालन हसून म्हणाली, "असू दे गं आक्का. नंतर शिकवणार हायतच की."

दोन-तीन महिने बरे गेले. मग शिरोळकडचे लोक तपासणीला आले. एकाच गावचे पाचजण, वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, एका जीपमधून नेहमी एकत्र यायचे. त्यांतल्या दोघांनाच व्यायामाचं पाकीट निघालं होतं. पण पत्रकवाल्यांतला एक म्हातारा खुर्चीवर बसला आणि ओठांचा चंबू करून असा सुरेख श्वास सोडायला लागला की मी चकितच झाले. "मामा, हे कुठं शिकलासा?"

"आमच्या बाबूनं शिकवलं की! रोज सकाळी देवळाम्होरं समदी मिळून करतोय आमी. गावातली आनी चार म्हातारी बी येत्यात." बाबू म्हणजे त्यांच्यातला व्यायामवाला, एकेकाळी गुऱ्हाळावर गूळ करणारा. तो बाजूला उभा राहून लाजत हसत होता. त्याला वाटलं मी पाठ थोपटीन.

थोपटायलाच हवी होती. ज्यासाठी आयुष्यभर घसा कोरडा केला ते त्या माणसानं पगार न घेता, पाकीट न फोडता केलं होतं. मी मात्र आत जाऊन पुण्याला फोन लावला. सर इतके चिडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "सगळं मिसळलं! दोन्ही गटांत फरकच दिसणार नाही! या लोकांना बाद करा, नवीन घ्या, आणि बाकीच्या प्रत्येकाला आजच्या आज ताकीद द्या." मुदत सहा महिन्यांनी वाढली.

मी ताकीद दिली. शिरोळवाल्यांनी "व्हय म्याडम, आजपास्नं बंद" असं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर पुन्हा सुरू केलं. इतरही पुष्कळांनी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं, हे मला नंतर कळलं. शेजाऱ्याला दम लागलेला दिसत असताना माहीत असलेलं सांगायचं नाही, असली अक्कल फक्त शिकलेल्या माणसांना येते.

आक्काताईला मी तिच्या गावी जाऊन सांगितलं. तिच्या सोप्यात, चहा पीत. "मालनला यातलं काही दाखवायचं नाही. संशोधन बिघडतं. मला शब्द द्या." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "ती विचारती वो कवा कवा." "विचारलं तरी नाही सांगायचं." "बरं," ती म्हणाली. "तुमी म्हणलासा म्हंजे न्हाय सांगत." तिचा शब्द म्हणजे काय चीज होती ते मला तेव्हा कळलं नाही. मला आपलं बरं वाटलं, एक तरी रुग्ण नियमानं चालतोय म्हणून.

त्याच दिवशी भिंतीपलीकडं गेले. मालन उंबऱ्यावर बसली होती. गेल्या वेळी ती गोठ्यापर्यंत जात होती, आता उंबरा. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. "म्याडम, आमचा लंबर... कवा यायचा?"

मी म्हटलं, "थोडं लांबलंय. सहा महिने."

"बरं," म्हणाली. सहा महिने म्हणजे तिला किती हे मला दिसत होतं, हो. तीस वर्षं मी दम लागलेली माणसं बघत आले, मला नाही दिसणार? दहा मिनिटांचं काम होतं. तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसून चंबू करून दाखवायचा, दिवसातून चारदा खुर्चीवरून उठायला-बसायला सांगायचं, रोज दहा पावलं जास्त. कुणालाही कळलं नसतं. मी तिचं वजन केलं, बोटाला यंत्र लावलं, आकडे लिहिले आणि एसटी गाठली.

थंडीत तिच्या छातीत कफ धरला. तालुक्याला नेलं, तिसऱ्या दिवशी गेली.

मला ते कळलं ते असं. आक्काताईची तपासणीची तारीख होती. ती एकटीच आली. कार्ड पुढं केलं आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मालन गेली, म्याडम. परवा बारावं झालं." मी म्हटलं, तुम्ही आज नसता आलात तरी चाललं असतं. ती म्हणाली, "तारीख लिवलीया न्हवं कार्डावर." आणि व्हरांड्यात जाऊन खुणेपाशी उभी राहिली. मी घड्याळ लावलं. ती चालली. सहा मिनिटं, एकदाही न थांबता, पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय थांबत नव्हते. मी आकडा लिहिला. आमच्या साऱ्या अभ्यासातल्या चांगल्या आकड्यांपैकी तो एक आहे.

रुग्ण दगावला की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात शेवटी एक रकाना असतो, मृत्यूचा अभ्यासाशी संबंध आहे का, होय की नाही. मी 'नाही'वर खूण केली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. आम्ही तिला काही दिलंच नव्हतं, तर संबंध कसला? व्यायामानं ती जगली असती असंही मी म्हणत नाही. त्या आजारात कोण किती जगेल हे कुणी सांगू शकत नाही. पण तिचे शेवटचे महिने उंबऱ्यावर गेले, आणि ते तसे जायला नको होते, एवढं मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

निष्कर्ष छान आला. घरी, बाटल्या आणि खुर्चीवर व्यायाम केलेल्यांना फायदा होतो. परिषदेत सरांनी तो मांडला, टाळ्या झाल्या, मी पहिल्या रांगेत तीच साडी नेसून बसले होते. छापलेल्या लेखात एक आकृती असते, कोण आले, कोण गळाले याची. त्यातल्या एका चौकटीत मालन आहे. नाव नाही अर्थात, नुसती संख्या. आणि पत्रकवाल्यांना दिलेला शब्द? प्रकल्प संपल्याबरोबर नेमलेली पोरं गेली, खोली दुसऱ्या विभागाला दिली, गाडीभाडं बंद झालं. सरांना विचारलं तर म्हणाले, "बघू, पुढच्या प्रकल्पात बसवू." मी सुट्टीच्या दिवशी जमेल तितक्यांना बोलावून शिकवलं. सगळ्यांपर्यंत पोचले नाही. शिरोळच्या बाद केलेल्या लोकांचं मात्र देवळासमोर अजून चालू आहे, आणि आमच्या कागदांत ते कुठंही नाहीत.

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी आक्काताईकडं गेले. माफी मागायला गेले होते, पण तिथं पोचेपर्यंत धीर सुटत चालला होता. तिनं चहा टाकला. तब्येत बरी टिकून होती. मी कप हातात घेऊन कसंबसं म्हटलं, "आक्काताई, मालनला सांगू नका असं मी म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

ती चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली. मग भिंतीकडं हात करून म्हणाली, "मी मोजत करायचो की वो. एक, दोन, तीन, मोठ्यानं. तुमीच सांगितलासा, मोजून करा म्हणून. तर ही तिकडनं माझ्या आकड्यावर उठाय-बसाय लागली. मला आवाज यायचा तिच्या खाटंचा. चार दिस झालं असतील. तवर तुमी येऊन सांगून गेलासा. मग मी मनातल्या मनात मोजाय लागलो."

तिनं लाकूड पुन्हा आत सारलं.

"तिनं भिंतीवर थाप मारली. म्हणली, आक्का, मोठ्यानं मोज की, मी बी करतो. मी म्हणलं, न्हाय बाई, म्याडमनी नको म्हणलंय." आक्काताईनं पदरानं नाक पुसलं. "तर म्हणली, असू दे मग. म्याडमनी म्हणलंय म्हंजे काय तरी माझ्या चांगल्यासाठीच आसंल."

चांगल्यासाठी नव्हतं गं मालन. आमचा तक्ता स्वच्छ राहावा म्हणून होतं.